मामांची पाई आणि नंदाची जीभ

आमच्या घरमालकांच्या मते जगात खाण्याचे दोनच प्रकार होते, उघडं आणि झाकलेलं. भात, भाकरी, आमटी, तळलेली मासळी हे सगळं उघडं. ते पोटासाठी. करंजी, मोदक, सामोसा, पुरणपोळी हे झाकलेलं. ते मनासाठी. आणि या सगळ्या झाकलेल्या खाण्यांची थोरली बहीण म्हणजे पाई. ती विलायतेत दिली, म्हणून आपल्याकडे तिचं येणंजाणं कमी, एवढंच.

हे सगळं त्यांनी मला खोली दाखवता दाखवता सांगितलं. मी विचारलं होतं, पाण्याची सोय काय आहे.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे तिथे ड्राफ्ट्समन म्हणून लागले होते आणि कॉलनीतले क्वार्टर अजून भिंतींच्याच अवस्थेत होते. त्यामुळे आम्ही साताऱ्याकडची माणसं नवापुरात, समुद्राच्या काठी, दोन खोल्या घेऊन राहायला आलो. समुद्र मी त्याआधी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास कॅलेंडरला नसतो, त्यामुळे पहिले आठ दिवस मी नाकाला पदर लावूनच काढले.

घरमालकांना सगळा गाव मामा म्हणायचा. आम्हीही तेच म्हणू लागलो. उभं आयुष्य त्यांनी परदेशी जाणाऱ्या बोटींवर स्वयंपाक करण्यात घालवलं होतं. गावातल्या इतर माणसांसारखी त्यांना स्वतःची होडी नव्हती, जाळं नव्हतं, आणि मासे पकडता येत नाहीत हे ते अभिमानाने सांगत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते एकटेच असायचे, पण एकट्या माणसासारखं वागायचे नाहीत. बोटीवरून आणलेली पितळी घंटा त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली होती. जेवायची वेळ झाली की ते बाहेर येऊन ती वाजवायचे, आत जायचे आणि पाटावर बसायचे. जेवणारं दुसरं कुणीही नसायचं. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "घंटा न देता जेवलो तं चोरून खाल्ल्यावानी वाटतं, बाय."

अंगात इस्त्रीचा सदरा, खाली अर्धी चड्डी आणि वर पांढरा एप्रन असा त्यांचा कायमचा वेश. एप्रन काढून ते कुठे गेलेले मी पाहिले नाहीत. एका लग्नातही ते एप्रन लावून आले आणि नवरदेवाच्या शेजारी बसून फोटोत आले. फोटो पाहणाऱ्याला वाटावं, जेवणाची जबाबदारी त्यांच्यावर असून ते काम टाळून बसलेत.

गप्पांना त्यांच्या अंत नसे आणि त्यातलं खरं किती, हे विचारायची सोय नसे. पाईचा इतिहास तर त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला की सातारचा इतिहास मला त्याच्या निम्माही येत नाही. फार पूर्वी म्हणे रोमकडचे लोक मांस भाजताना ते जळू नये, रस आतल्या आत राहावा म्हणून वरून पिठाचा लेप देत. तो लेप नंतर फेकून द्यायचा. मग विलायतेत त्या लेपाचा डबा झाला, बोटीच्या फळीएवढा टणक. मोठी माणसं आतलं खायची आणि डबा दाराशी बसलेल्या गरिबाला द्यायची. मामा इथे नेहमी थांबत आणि बोट उभारून म्हणत की त्या गरिबानेच तो भिजवून खाऊन पाहिला, आणि पहिल्यांदा कुणाला तरी कळलं की झाकणाचीही चव असते. मग लोणी घालून झाकण मऊ करायला लोक शिकले. पुढे कुठल्याशा राजाच्या मेजवानीत पाईत जिवंत पाखरं कोंडली, आणि सुरी लावताच ती भुर्रकन उडाली. बोटीवरची पाई दोन मजली, तीन मजली असते. खाणीत काम करणाऱ्यांची पाई आपल्या करंजीसारखी असते, तिची मुरड धरून बाकीची खायची आणि मुरड टाकून द्यायची, कारण खाणीत हाताला विष लागलेलं असतं. आणि प्रत्येकाची बायको पाईच्या कोपऱ्यावर नवऱ्याच्या नावाचं अक्षर काढून देते, म्हणजे अंधारात एकाची दुसऱ्याने खाऊ नये.

मला ह्या साऱ्या थापा वाटायच्या. पाखरांचं तर नक्कीच.

आता नंदाचं सांगते, कारण तिच्याशिवाय मामांचं चित्र पुरं होत नाही. नंदा आमची मुलगी. नवापुरात आलो तेव्हा तिला पाचवं लागलं होतं. त्याआधी साताऱ्याला तिला टायफॉइड झाला. ताप गेला, पण जाताना तिची खाण्यावरची वासना घेऊन गेला. दूधभाताचा घास तोंडात घातला की ती तो गालात धरून बसायची. तास तास. गाल फुगलेला, डोळे माझ्याकडे, आणि गिळायचं नाव नाही. मी गोष्टी सांगितल्या, चिऊकाऊचे घास केले, रागावले, एकदा तर तिच्यासमोर बसून रडले. तिने माझे डोळे पुसले आणि घास गालातच ठेवला.

पालघरच्या डॉक्टरांकडे आम्ही तिला नेलं. त्यांनी तिचा हात उचलून पाहिला, मनगटाभोवती दोन बोटं फिरवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता रोग नाही, औषधही नाही, पण हिच्या पोटात अन्न गेलं नाही तर पुढचा ताप हिला झेपायचा नाही. परतीच्या वाटेवर ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि तिचं वजनच मला जाणवत नव्हतं. तेव्हापासून माझा दिवस म्हणजे तिच्या तोंडाशी हात घेऊन बसणं, एवढाच उरला. एक घास, नंदा. एकच घास.

मामा हे ओट्यावरून बघत असत. कधी मध्ये पडले नाहीत, कधी उपदेश केला नाही. एका सकाळी मात्र ते आमच्या दाराशी आले, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले आणि माझ्याकडे न बघता नंदाशी बोलू लागले. त्यांच्या हातात वाटी होती. कैरीचा कीस, गूळ आणि लवंग घालून शिजवलेला.

"पोरी, माजं एक काम हाय," ते म्हणाले. "मला चव नाय कळत. वासबी नाय. एडनजवळ ताप आला, उतरला तेवा माजी जीब घेऊन गेला. आता मी रांदतो ते आटवून रांदतो. हे बरोबर जमलं का नाय, मला कोन सांगनार? तू चाखशील?"

नंदाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तापाने काहीतरी घेऊन जाणं तिला ओळखीचं असावं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

"छान," ती म्हणाली. आम्ही शिकवलेलंच.

"छान नाय बोलायचं," मामा गंभीरपणे म्हणाले. "छान बोलून खानाऱ्याचं भागतं, रांदनाऱ्याला काय कळत नाय. आदी काय लागलं? कुटं लागलं?"

तिने पुन्हा बोट बुडवलं. डोळे मिटले. "आंबट," ती म्हणाली. "मागे." मग आणखी एकदा बुडवलं. "मग गोड. पण आंबट जास्त आहे."

मामांनी मान हलवली, घरी जाऊन गूळ घातला आणि परत आले. ती वाटी अर्धी संपली तेव्हा मी दाराआड तोंडावर हात धरून उभी होते. गालात काही राहिलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, काय नाटकी आहे म्हातारा. आम्ही दोघं त्यांच्या युक्तीवर बेहद्द खूष झालो. चव न कळणारा माणूस बोटीवर स्वयंपाक करेल का, आणि करून चाळीस लोकांना खाऊ घालेल का? पाखरांच्या पाईच्या रांगेतलीच ही एक थाप, पण किती उपयोगाची. मी तर देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर आमच्या ओट्यावर पाईची शाळाच भरू लागली. मामांची पद्धत ठरलेली होती. तूप पातळ असेल तर पाईला पापुद्रा सुटत नाही, आणि आमच्याकडे उकाडा तर बारा महिने. म्हणून तुपाचा डबा ते बादलीत घालून विहिरीत सोडत आणि उजाडायच्या आत वर काढत. पीठ गार वेळेतच मळायचं, तेही बोटांच्या टोकांनी, कारण तळहात गरम असतो. भट्टी म्हणजे घासलेटचा रिकामा डबा. तळाला वाळू, खाली निखारे, झाकणावर निखारे. आम्ही शाकाहारी, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्यासाठी नवा डबा राखेने घासून वेगळा ठेवला आणि त्यावर खडूने फूल काढलं. मासळीच्या पाईचा डबा निराळा, त्यावर मासा. माशाच्या पाईचं नंदा फक्त वासावर काम करी. लांब उभी राहून सांगे, "मामा, खालून लागतंय." आणि खरंच लागत असे.

मुलांनी पाई नुसती खायची नसते, असं मामांचं म्हणणं. उरलेल्या पिठाचे खेकडे, होड्या, मासे करून झाकणावर चिकटवायचे. मधोमध वाफेला भोक ठेवायचं, त्याला म्हणायचं चिमणी, आणि ती कुणी पाडायची यावर भांडायचं. भांडणाशिवाय पाई फुगत नाही, असं ते सांगत. गल्लीतली कोळ्यांची पोरं ओळीने बसत आणि डोळे मिटून आत काय आहे ते वासावरून ओळखत. चिकू, जांभूळ, कैरी, करवंद. जांभळं बोईसरच्या बाजारात वारली बायका घेऊन बसत, ती मामा स्वतः जाऊन आणत. पोरं ओरडून उत्तरं देत, आणि मामा प्रत्येकाला विचारत, नक्की का? बघ बरं पुन्हा. मला वाटे, किती छान खेळवतात. नंदाची पाई छोटी असे, आणि तिच्या झाकणावर सुरीच्या टोकाने 'नं' काढलेला. ती खाणीतल्या कामगारासारखी कोपरा धरून खायची आणि कोपरा कावळ्याला टाकायची.

एकदा कॉलनीतल्या, आधीच बांधून झालेल्या बंगल्यात राहणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियराच्या मुलाचा वाढदिवस होता. त्याला सफरचंदाची पाई हवी होती, आणि सफरचंदं काही बोईसरच्या बाजारात लोळत नव्हती. कुणीतरी मामांचं नाव सुचवलं. मामा एप्रन लावून निघाले आणि सोबत नंदाला मागून घेतलं. मीही गेले, कारण पोर एकटं कसं सोडायचं. तिथल्या स्वयंपाकघरात, पांढऱ्याशुभ्र भट्टीसमोर, मामांनी पिशवीतून दुधी भोपळा काढला. मला घाम फुटला. त्यांनी दुधीच्या जाड फोडी केल्या, लिंबाचा रस, साखर आणि दालचिनी घालून त्या अर्धवट शिजवल्या, आणि नंदाला स्टुलावर उभं करून चाखायला दिल्या. ती म्हणाली, आंबट कमी. मग म्हणाली, दालचिनी नाकात येत नाही अजून. अमेरिकन बाई दारात उभी राहून हे बघत होती. तिला काय वाटलं कोण जाणे.

पाईचा कण उरला नाही. त्या मुलांनी बशा चाटल्या. बाईने आश्चर्याने विचारलं की एवढी चांगली सफरचंदं कुठे मिळाली, आणि मामांनी त्यांच्या बोटीवरच्या इंग्रजीत शांतपणे सांगितलं, दुधी. ती हसून हसून खुर्चीत बसली. मग तिने त्यांना कायमची नोकरी देऊ केली. मामांनी नंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की हिला पण ठेवून घेत असाल तर येतो. बाईला तो विनोद वाटला. मलाही वाटला. एवढी बरी नोकरी त्यांनी नाकारली तेव्हा हे म्हणाले, म्हातारा हट्टी आहे.

दुसऱ्या वर्षी पालघरच्या डॉक्टरांनी नंदाचा गाल ओढला आणि विचारलं, हीच का ती? ती आता सगळं जेवायची, उघडंही आणि झाकलेलंही. आमटी भुरकून सांगायची की चिंच आधी लागते आणि हिंग शेवटी. माझी मात्र सवय सुटली नव्हती. पोर पोटभर जेवून उठायला लागली तरी माझ्या तोंडून निघायचंच, एक घास घे गं अजून.

मग आमचं क्वार्टर तयार झालं. निघायचं ठरलं, सामानासाठी ट्रकही ठरला. नंदा आदल्या दिवशी मामांच्या ओट्यावरून हलली नाही. त्या दोघांचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण झोपताना ती मला म्हणाली, "आई, आता मामांना कोण सांगणार?" मी तिला थोपटलं आणि म्हटलं, मामांना सगळं कळतं गं. 

सकाळी ट्रकमध्ये सामान चढत असताना मामा बशा घेऊन आले. चौघांपुरतीच पाई होती, दुधीची, वर मोठा 'नं'. उजाडायच्या आत उठून त्यांनी एकट्यानेच केली होती. नंदाला उठवलं नव्हतं, कारण तिची पाई तिलाच चाखायला लावून करायची म्हणजे गंमत काय राहिली. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यांनी चार भाग केले, चार बशांत घातले, आणि आम्ही ओट्यावर बसलो.

मी घास घेतला. मीठ. साखरेच्या जागी, साखरेच्या हाताने घातलेलं, बारीक कुटलेलं मीठ. जीभ आखडली. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे तोंड न हलवता बसलेले. आम्ही दोघांनी एकदमच मामांकडे पाहिलं. मामा डोळे मिटून चावत होते. सावकाश, समाधानाने. त्यांनी घास गिळला, मिशीवरचा पापुद्रा टिपला आणि दुसरा घास घेतला.

असं नाटक कुणाला करता येत नाही. एवढे दिवस आम्ही ज्या युक्तीचं कौतुक करत होतो ती युक्ती नव्हतीच. त्या माणसाला खरोखर काही लागत नव्हतं. ना कैरी, ना जांभूळ, ना पोरं ओरडून सांगत होती तो वास. त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलीकडे मदत मागितली होती, आणि तेवढंच केलं होतं. 

"बोल, पोरी," मामा म्हणाले.

नंदाच्या तोंडात घास होता. मला तिचा गाल दिसत होता, फुगलेला, तसाच जुना. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मामांकडे पाहिलं, आणि घास गिळला.

"आधी आंबट येतं," ती म्हणाली. "मागच्या बाजूला. मग गोड. मग दालचिनी नाकात येते."

"नि पापुद्रा?"

"सुटतोय."

मामांनी बशी खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले. "मंजे जमली," ते म्हणाले. "तुज्याबिगर पयलीच."

नंदाने दुसरा घास घेतला. मग तिसरा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांना वाटलं जायचं म्हणून आलं, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ट्रकवाला हॉर्न देत होता, ह्यांनी आपला वाटा दोन घासांत संपवला आणि दोरी आवळायला गेले. ती खातच होती. एवढे दिवस मी या मुलीपुढे हात जोडले होते, एक घास खा म्हणून, आणि आता तिच्या हातातली बशी काढून घ्यावी, पुरे, नको खाऊस म्हणावं, असं वाटत होतं. मला ते म्हणता येत नव्हतं. तिने कोपराही कावळ्याला टाकला नाही. शेवटचा कण बोटाने टिपून तोंडात घातला, आणि मग तिची नजर माझ्या बशीकडे गेली. मी एकच घास घेतलेला होता.

"आई, तुझी पण मला दे," ती म्हणाली.

मी दिली नाही. माझी मीच खाल्ली, सगळी.